अंगातली खबर, हातातला निर्णय

शरीराच्या आत काय चालले आहे याची खबर मेंदूकडे अखंड जात असते. हृदयाचे ठोके, श्वासाची लय, पोटातली भूक किंवा मळमळ, भरत आलेले मूत्राशय, स्नायूंचा शीण, अंगाची ऊब यांतले फार थोडे जाणिवेपर्यंत पोचते. बाकीचे नकळत वापरले जाते. इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 साली संवेदनांची जी विभागणी मांडली, तीत बाहेरच्या जगाची खबर देणाऱ्या, स्नायू-सांध्यांची स्थिती सांगणाऱ्या आणि शरीराच्या अंतर्भागाची वार्ता आणणाऱ्या संवेदना वेगवेगळ्या केल्या होत्या. शेवटच्या गटाला मराठीत अंतःसंवेदन म्हणता येते. ए. डी. क्रेग या अमेरिकी मज्जाशास्त्रज्ञाने 2002 साली केलेल्या मांडणीनुसार वेदना, तापमान, खाज, भूक अशा संवेदना मज्जारज्जूतील ठरावीक मार्गांनी वर जातात आणि मेंदूच्या घडीत दडलेल्या इन्सुला या भागात एकत्र येतात. या क्षणी कसे वाटते आहे, हे मेंदू बऱ्याच अंशी याच सामग्रीवरून ठरवतो.

भावनिक आघातातून सावरणे आणि आयुष्याची सूत्रे पुन्हा हाती घेणे, या दोन्ही गोष्टी अंतःसंवेदनाशी बांधलेल्या आहेत. शरीराशी नाते जोडा, हा सल्ला आता शिबिरांत, पुस्तकांत, मोबाइलच्या ॲपवर सर्वत्र मिळतो. त्याचा अर्थ बहुधा अंग सैल सोडणे, मन शांत करणे, स्वतःच्या रूपावर प्रेम करणे एवढाच घेतला जातो. हा अर्थ फार तोकडा आहे. शरीराकडून आलेली खबर कळणे ही पहिली पायरी, तिचा अर्थ लावता येणे ही दुसरी, आणि तिच्यावर स्वतःच्या मर्जीने काही करता येणे ही तिसरी. माणूस खऱ्या अर्थाने सावरतो तो तिसऱ्या पायरीवर. दुखते आहे हे कळूनही थांबता येत नाही, नको आहे हे कळूनही नको म्हणता येत नाही, अशा अवस्थेत नुसती जाणीव वाढवून काही साधत नाही; उलट त्रास वाढू शकतो.

निर्णय डोक्याने घ्यावा, शरीराला मध्ये आणू नये, ही शिकवण जुनी आहे. तिला धक्का देणारा एक प्रयोग 1990 च्या दशकात आयोवा विद्यापीठात अँटोनियो दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. खेळणाऱ्यापुढे पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवलेले असत. दोन गठ्ठ्यांत मोठा नफा आणि त्याहून मोठा तोटा, उरलेल्या दोनांत नफा बेताचा पण तोटाही बेताचा. कोणता गठ्ठा बुडवणारा आहे हे खेळणाऱ्याला शब्दांत सांगता येण्याच्या बरेच आधी, त्या गठ्ठ्याकडे हात जाताना त्याच्या तळव्याला सूक्ष्म घाम येऊ लागे आणि यंत्र ते टिपत असे. कपाळामागच्या मेंदूला विशिष्ट जागी इजा झालेल्या रुग्णांना हा घाम येत नसे आणि ते बुडवणाऱ्या गठ्ठ्यातूनच पत्ते ओढत राहत. खेळाडूंना मूळ संशोधकांना वाटले त्यापेक्षा लवकर जाणीवपूर्वक कळत असावे, असा आक्षेप 2004 साली पुढे आला आणि तो रास्त आहे. तरीही एवढे उरतेच की निवड करण्याच्या कामात शरीर सहभागी असते. शरीराची खबर ज्याला लागत नाही, त्याची निवडही अधू होते.

ही खबर तुटते कशी, हे आघाताच्या क्षणी शरीर काय करते यावरून कळते. धोका समोर आला की लढणे किंवा पळणे हे दोन मार्ग सर्वांना ठाऊक आहेत. तिसरा मार्ग कमी ठाऊक आहे. सुटका नाही असे शरीराला वाटले की गात्रे थिजतात, आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. अनेक प्राण्यांत ही प्रतिक्रिया आढळते आणि ती इच्छेने आणता किंवा मोडता येत नाही. स्टॉकहोममधील बलात्कारपीडित स्त्रियांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 70 टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी लक्षणीय प्रमाणात गात्रे थिजल्याचे सांगितले, 48 टक्क्यांच्या बाबतीत ते अत्यंत तीव्र होते. ज्यांची गात्रे थिजली त्यांच्यात सहा महिन्यांनंतर आघातोत्तर तणाव विकार आणि तीव्र नैराश्य यांचे प्रमाण जास्त होते.

प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती, हे गृहीतक किती क्रूर आहे ते या आकड्यांवरून दिसते. महाराष्ट्राच्या इतिहासात या गृहीतकाची किंमत एका आदिवासी मुलीने मोजली. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आज गडचिरोलीत असलेल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा झाला नाही, ही कारणे निकालात महत्त्वाची ठरली. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सप्टेंबर 1979 मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर आंदोलन पेटले आणि 1983 साली कायदा बदलला. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, असे कलमात स्पष्ट लिहिले जायला मात्र 2013 साल उजाडावे लागले. न्यायालयांना जे कळायला चाळीस वर्षे लागली, ते पीडित स्त्रीला स्वतःबद्दल कळणेही सोपे नसते. मी ओरडले का नाही, हा प्रश्न तिला वर्षानुवर्षे पोखरत राहतो. शरीराने काय केले आणि ते कोणाच्याही हातात का नव्हते, हे तिला कोणी नीट समजावून सांगितले, तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच होऊ शकते.

आघात एकदाच झाला तर शरीर पुष्कळदा सावरते. तो वारंवार झाला, विशेषतः बालपणी आणि घरातच झाला, तर शरीराकडून येणारी खबर दाबून टाकणे ही जगण्याची रीत बनते. भूक लागलेली कळत नाही, थकवा आजारी पडेपर्यंत जाणवत नाही, चटका बसतो आणि उशिरा लक्षात येतो. कोणी स्पर्श केला तर आवडला की नावडला हेच उमगत नाही. मुळात हे बधिरपण संरक्षणासाठी आलेले असते आणि त्या काळात त्याने जीव वाचवलेला असतो, म्हणून त्याला दोष म्हणणे चूक आहे. पण धोका टळल्यावरही ते मागे राहते. मग ज्या माणसाला स्वतःचे नको कळत नाही, तो दुसऱ्याला नको म्हणणार तरी कसा?

इथे असहायतेविषयीच्या संशोधनाकडे वळणे भाग आहे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांचे 1967 सालचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले गेले. एका गटाला डोक्याने फळी दाबून धक्का बंद करता येत असे, दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के बसत, पण त्यांच्या कुठल्याही हालचालीने काही फरक पडत नसे. नंतर दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवले जिथे बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून निघून गेली. दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री जागीच पडून कण्हत राहिली. हे प्रयोग निर्दय होते, हे म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यातून निघालेला निष्कर्ष असा मांडला गेला की असहायता शिकली जाते.

पाठ्यपुस्तके सहसा इथे थांबतात. पुढचे दोन टप्पे जास्त मोलाचे आहेत. 1968 साली याच संशोधकांनी असहाय झालेल्या कुत्र्यांना बरे करण्याचा प्रयत्न केला. खाण्याचे आमिष उपयोगी पडले नाही. शेवटी गळ्यात दोरी बांधून त्यांना अडसरापलीकडे ओढून न्यावे लागले, तेही पुन्हा पुन्हा. हळूहळू ओढायला लागणारा जोर कमी होत गेला आणि एका टप्प्यावर कुत्री आपणहून उडी मारू लागली. मी हललो आणि धक्का थांबला, हा अनुभव शरीरातूनच यावा लागला. दुसरा टप्पा 2016 सालचा आहे. पन्नास वर्षांच्या मेंदूसंशोधनाचा आढावा घेऊन मायर आणि सेलिग्मन यांनी स्वतःचाच सिद्धान्त उलटा केला. दीर्घकाळ चाललेल्या त्रासाला सस्तन प्राण्यांचा मूळ प्रतिसाद निपचित पडणे हाच असतो. तो शिकावा लागत नाही. शिकले जाते ते नियंत्रण. आपल्या कृतीने फरक पडतो हे मेंदूचा पुढचा भाग ओळखतो आणि खालच्या केंद्रातून उठणारी ती हतबलता दाबून धरतो.

या फेरमांडणीचा अर्थ दूरवर जातो. आघाताने मोडलेल्या माणसात काहीतरी बिघडले आहे आणि ते खोदून काढायचे आहे, अशी कल्पना मनोपचारांत खोल रुजलेली आहे. मायर-सेलिग्मन यांची नवी मांडणी धरली तर काम वेगळे आहे: आपल्या हालचालीने फरक पडतो याचे अनुभव जमा करायचे आहेत, लहान का होईना, पण खरे. मात्र कुत्र्यांसाठी वापरलेली दोरी माणसाला चालत नाही. ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला त्याच्या भल्यासाठी ओढून नेणे म्हणजे पुन्हा तीच जबरदस्ती. अनुभव शरीरातून यायला हवा आणि तरीही तो लादलेला नसावा, ही अट कशी पाळायची, हा या क्षेत्रातला सर्वांत कठीण प्रश्न आहे.

त्याचे एक प्रामाणिक उत्तर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन इथल्या आघात उपचार केंद्रात शोधले गेले. मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या या केंद्रात योगशिक्षक डेव्हिड इमर्सन यांनी एक वेगळी योगपद्धत घडवली. आसने साधीच, पुष्कळशी खुर्चीवर बसून करता येण्यासारखी. फरक सांगण्याच्या रीतीत आहे. नेहमीच्या वर्गात शिक्षक म्हणतो, हात वर घ्या, मान खाली, दहा आकडे थांबा. आणि कोणाचा खांदा वाकडा दिसला तर जवळ जाऊन हाताने सरळ करतो. इमर्सन यांच्या वर्गात सूचना अशी येते: वाटल्यास एक हात उचलून पाहा, खांद्यापर्यंत किंवा त्याहून वर, कुठेही थांबू शकता, खांद्याच्या स्नायूत काही जाणवते का ते बघा, नाही जाणवले तरी हरकत नाही, नको वाटले की हात खाली आणा. शिक्षक कोणालाही स्पर्श करत नाही आणि आसन बरोबर की चूक याची चर्चा होत नाही. डोळे मिटायची सक्ती नसते. एखादी स्त्री तासभर नुसती खुर्चीवर बसून राहिली तरी तिने तास केला असेच धरले जाते, कारण बसून राहणे ही तिची निवड आहे. हात उचलणे, ताण जाणवणे आणि आपणहून तो खाली आणणे, या लहानशा फेऱ्यात तिन्ही पायऱ्या येतात.

या पद्धतीची चाचणी झाली आहे. अन्य उपचारांनी गुण न आलेल्या, दीर्घकाळ आघातोत्तर तणाव विकार असलेल्या 64 स्त्रियांवरचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एक तास, दहा आठवडे. शेवटी योगगटातील 31 पैकी 16 स्त्रिया त्या विकाराच्या निकषांत बसत नव्हत्या. आरोग्यशिक्षण दिलेल्या तुलनागटात 29 पैकी 6. गट लहान आहेत, म्हणून या आकड्यांवर मोठा इमला चढवू नये. पण 2023 साली अमेरिकी सैन्यात लैंगिक अत्याचार सोसलेल्या 131 माजी सैनिक स्त्रियांवरच्या अभ्यासात ही पद्धत प्रस्थापित संवादोपचाराच्या बरोबरीची ठरली, आणि उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण योगाच्या बाजूला कमी राहिले.

महाराष्ट्रात योगवर्गांना तोटा नाही. शाळेच्या मैदानावर, सभागृहात, सोसायटीच्या गच्चीवर ते भरतात आणि बहुतेकांना त्यांचा लाभही होतो. पण त्यांची भाषा बहुतेक ठिकाणी कवायतीची आहे. ज्या बाईला घरी सासू, नवरा, मुले आणि बाहेर साहेब हुकूम देतात, तिला सकाळी सहा वाजता आणखी एक हुकूम मिळतो. तिचे गुडघे मोकळे होतील, झोपही सुधारेल. आपल्या शरीराचे काय करायचे ते आपण ठरवतो, हा अनुभव तिला त्या वर्गात मिळेलच असे नाही. आसनांत बदल न करता नुसत्या सूचनांची रीत बदलूनही हे साधू शकते आणि त्याला पैसा लागत नाही.

निवड स्वतःच्या हातात असली की अप्रिय संवेदनाही उपचाराचे साधन होऊ शकते. पॅनिक विकारात छाती धडधडली की आता झटका येणार, आता मरणार, अशी भीती झडप घालते. भीतीने धडधड वाढते आणि धडधडीने भीती. यावरच्या वर्तनोपचारात रुग्ण मुद्दाम त्या संवेदना स्वतःच निर्माण करतो: फिरत्या खुर्चीवर गरगर फिरून चक्कर आणतो, बारीक स्ट्रॉमधून श्वास घेऊन गुदमरल्यासारखे करून घेतो, जागीच धावून ठोके वाढवतो. हे ठोके मी आणले आणि ते आपोआप उतरले, असे पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर त्या खबरीचा अर्थ बदलतो. हा उपचार शांत वाटण्याच्या अगदी विरुद्ध दिशेने जातो, तरीही तो गुणकारी आहे.

याच उदाहरणातून एक सावधगिरीही निघते. पॅनिकच्या रुग्णाला शरीराची खबर लागत नाही असे नसते. ती त्याला अतिरेकी लागते. त्याला फक्त लक्ष द्या म्हणणे आगीत तेल ओतण्यासारखे आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे 1970 च्या दशकापासून चालत आली आहेत. डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवत प्रत्येक संवेदना प्रतिक्रिया न देता न्याहाळणे, हा त्या साधनेचा गाभा आहे. अंतःसंवेदनाचे इतके शिस्तबद्ध प्रशिक्षण क्वचितच कुठे मिळते आणि अनेकांना त्याने आधार दिला आहे. पण ताजा किंवा न उलगडलेला आघात घेऊन आलेल्या माणसाला दीर्घ मौनात, हालचाल न करता, आत उसळणाऱ्या संवेदनांसमोर बसणे झेपेलच असे नाही. गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असे अशा केंद्रांच्या नियमांतच सांगितलेले असते आणि तो नियम गांभीर्याने घ्यायला हवा. अशा माणसासाठी दोन मिनिटे पायाचा तळवा जमिनीला टेकलेला जाणवणे आणि मग उठून खिडकीशी जाणे, एवढेच पुरेसे असते.

आघात स्नायूंत साठून राहतो, अमुक मालिश केले की तो बाहेर पडतो, असे दावे आता मराठी जाहिरातींतही दिसू लागले आहेत. आघाताचा ठसा स्मृती, सवयीच्या प्रतिक्रिया आणि स्वायत्त मज्जासंस्थेच्या वागण्यात असतो. कंबरेच्या गाठीत तो पुरून ठेवलेला नसतो. मालिशने बरे वाटू शकते. पण दुसऱ्याच्या हाताने काहीतरी निचरा होणार, या अपेक्षेत माणूस पुन्हा कर्त्याच्या जागेवरून उठवला जातो.

आतापर्यंतची चर्चा मानसोपचाराच्या खोलीतली झाली. बहुसंख्य स्त्रिया त्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत. त्या शरीराची तक्रार घेऊन साध्या दवाखान्यात येतात. गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत 2,494 स्त्रियांपैकी 12.1 टक्के स्त्रियांनी सहा महिने किंवा अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थकव्याचा संबंध रक्तातील हिमोग्लोबिनशी आढळला नाही. तो आढळला दारिद्र्याशी, मानसिक त्रासाशी आणि बाई म्हणून वाट्याला येणाऱ्या जाचाशी. रक्तवाढीच्या गोळ्या अनेकींना लागतातच, पण थकव्याच्या प्रत्येक तक्रारीला त्या उत्तर नाहीत. अंग गळून जाणे ही त्या स्त्रियांच्या शरीराची खरी खबर होती. तिचा अर्थ लावायला कोणी बसले नव्हते.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. सगळे मनाचे खेळ आहेत, असे म्हणून बाईला परत पाठवणे सोपे असते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली, ती 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. जवळजवळ प्रत्येकीला दुखणे होते, ते सोसायचे असते अशी सर्वांचीच समजूत होती, आणि त्याविषयी बोलायला शब्द आणि जागा नव्हती. शरीराशी तुटलेपण इथे एकेकीच्या मनात घडलेले नव्हते. अख्ख्या गावाने ते घडवले होते.

शब्द आणि जागा मिळाली की काय होते, याचे एक सुंदर उदाहरण राजस्थानचे आहे. 1980 च्या दशकात तिथल्या महिला विकास कार्यक्रमाच्या कार्यशाळांत खेड्यांतल्या 75 स्त्रियांनी मिळून 'शरीर की जानकारी' ही पुस्तिका तयार केली. पहिल्या खर्ड्यात उघड्या शरीराची चित्रे होती. गावातल्या बायकांनी ती नाकारली. उघडे अंग असे कोणी पाहत नाही, हे आमचे चित्र नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. मग चित्रातल्या बाईला घागरा आणि ओढणी मिळाली, आणि कागदाचा घागरा उचलला की आत शरीराची रचना दिसावी अशी सोय झाली. उचलायचा की नाही, कधी उचलायचा, हे वाचणारीने ठरवायचे. 1989 साली काली फॉर विमेन या दिल्लीच्या प्रकाशनाने ती छापली, सर्व 75 जणींच्या नावांसह. या बायकांनी स्वतःचे शरीर ओळखले आणि ते ओळखण्याच्या अटीही स्वतः घातल्या.

बीड जिल्ह्यात मात्र चित्र उलटे दिसते. तिसऱ्या पायरीविना पहिल्या दोन पायऱ्या किती निरर्थक होतात, ते ऊसतोड करणाऱ्या बायकांकडे पाहिले की कळते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो; हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडेपर्यंत सुटका नसते. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड पडतो. पहाटे अंधारात फडावर जायचे, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे, पालावर ना न्हाणीघर ना संडास. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात दुखते, अंगावरून जाते, कंबर धरते. हे सगळे त्या बाईला स्वच्छ कळत असते. तिला कोणी श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवण्याची गरज नाही. पण कळून ती करणार काय? थांबायची सोय नाही, डॉक्टरकडे जायला खाडा पडतो. अशा वेळी खाजगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि गर्भपिशवी काढून टाकण्याचा मार्ग पुढे येतो. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी 2019 साली बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे सुमारे 17 टक्के. देशभरात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 3 टक्क्यांच्या आसपास होते. तरुण वयात गर्भाशय गेले, त्याबरोबर कधी अंडाशयही गेले, की हाडे ठिसूळ होणे, अंगाची आग होणे, उदास वाटणे हे पुढचे भोग सुरू होतात.

ही शस्त्रक्रिया त्या बाईने स्वतः मागितली, असे अनेकदा सांगितले जाते. मागितली असेलही. खबर देणारा अवयवच काढून टाकणे, एवढाच पर्याय जिथे शिल्लक ठेवला जातो, तिथल्या मागणीला मुक्त निवड म्हणता येत नाही. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट नंतर घातली गेली. ती हवीच होती. परंतु पाळीच्या दिवशी खाड्याविना विसावा, पालाजवळ संडास आणि पाणी, हंगामात फिरता दवाखाना, उचलीच्या कर्जाला कायद्याची मर्यादा, या गोष्टी शरीराशी नाते जोडण्याच्या विचारातून वगळल्या जातात तेव्हा तो विचार सुखवस्तू माणसांपुरता उरतो. विसाव्याचा हक्क आणि श्वासाचा सराव हे एकाच उपचाराचे भाग आहेत.

देहविक्रयातून आणि मानवी तस्करीतून सुटून आलेल्या मुलींबरोबरचे काम हे दोन्ही भाग जोडून दाखवते. नर्तकी आणि समाजशास्त्राच्या अभ्यासक सोहिनी चक्रवर्ती यांनी 2004 साली स्थापन केलेली कोलकाता संवेद ही संस्था नृत्य-हालचाल उपचार करते आणि अशा मुलींनाच पुढे प्रशिक्षक म्हणून घडवते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर तिने या विषयाचा अभ्यासक्रमही चालवला आहे. जे शरीर इतरांनी वापरले, त्याच शरीराने ताल धरायचा, जागा व्यापायची, मागे सरकायचे, कोणी फार जवळ आले तर हात पुढे करून अंतर ठरवायचे. नाच सुंदर दिसावा ही अपेक्षा नसते. यातून निघालेली मुलगी शिकवण्याचे काम करून कमावू लागते, तेव्हा सावरणे आणि स्वतःच्या पायावर उभे राहणे वेगळे काढता येत नाही.

निवडीचा हाच प्रश्न तपासणीच्या टेबलावर सर्वांत उघडपणे उभा राहतो. अत्याचारानंतर काही तासांत स्त्री रुग्णालयात येते आणि पुराव्यासाठी तिचे शरीर पुन्हा परक्या हातांत जाते. दोन बोटांची चाचणी या नावाने कुप्रसिद्ध झालेली अपमानास्पद पद्धत अनेक वर्षे राजरोस चालली. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या अहवालाने तिच्याविरुद्धच्या लढ्याला बळ दिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी ती चाचणी बाद केली, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट नमूद केली: तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला संमती घ्यायची. स्त्री कोणताही भाग नाकारू शकते, आणि नाकारले म्हणून तिचे औषधपाणी अडवता येत नाही. आता रक्त घ्यायचे आहे, घेऊ का, इथे बघायचे आहे, चालेल का, थांबू का. हे प्रश्न विचारले गेले तर पुरावा गोळा करणे आणि उपचार एकाच वेळी होतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी 2000 साली सुरू केलेल्या दिलासा केंद्राने सरकारी रुग्णालयाच्या गर्दीतही अशी सेवा देता येते हे दाखवले, आणि पुढे इतर रुग्णालयांत तशी केंद्रे निघाली. तालुक्याच्या रुग्णालयात हे रुजवायचे तर बंद होणारे दार असलेली एक खोली, घाई न करणारी प्रशिक्षित परिचारिका आणि संमती विचारण्याची सवय झालेला डॉक्टर, एवढी तरतूद अंदाजपत्रकात दिसायला हवी.